थेलीस, तिळगूळ आणि तिसरा आग्रह

८ ऑक्टोबर १९८५, मंगळवार

आज क्लासला गेले. रिटायर्ड लोकांसाठी युनिव्हर्सिटीने काढलाय. विषय, प्राचीन ग्रीकांचे निसर्गाविषयीचे विचार. प्रोफेसर व्हिटकर कोवळे आहेत, दाढी लाल, स्वेटरच्या कोपराला भोक. रफू करून द्यावं असं सारखं मनात येत होतं. वर्गातले अर्धे लोक हीटरजवळ झोपले.

थेलीस म्हणतो, सगळं पाण्यापासून झालंय. ऐकताक्षणी पटलं. बेळगावला कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर फिलोमिना विहिरीपाशी उभ्या राहून अगदी असंच काहीतरी सांगायच्या. त्या आज असत्या तर म्हणाल्या असत्या, गुड गर्ल.

संकल्प: ह्या वर्षी एक गोष्ट माझी. चौतीस वर्षं डॉ. हळब्यांची मिसेस होते, त्यातली बावीस अमेरिकेतल्या ह्या ॲन आर्बरला. आता थोडी मृणालिनी व्हायचं. आणि साखर बंद.

१५ ऑक्टोबर

थेलीस गेला. त्याच्याच गावच्या, त्याच्याच शिष्याने त्याला खोटं पाडलं. म्हणे मूळ तत्त्व पाणी नाही, ज्याला अंत नाही आणि नावही नाही असं काहीतरी आहे. मग त्या शिष्याचा कोणी सोबती आला. तो म्हणतो, सगळं हवा. ओठ आवळून फुंकलं तर गार लागते, तोंड उघडून सोडली तर गरम. म्हणजे हवा दाटली की थंड, विरळ झाली की उष्ण, आणि त्यातूनच दगडधोंडे.

घरी आरशासमोर करून पाहिलं. खरं आहे! हे दारात येऊन उभे. म्हणाले, दात दुखतोय का?

पण थेलीसबद्दल वाईट वाटलं. गुरूशी असं वागतात?

२० ऑक्टोबर, रविवार

पद्मजाकडे पॉटलक, प्रत्येकीने एकेक पदार्थ न्यायचा. पद्मजा ह्या वर्षी इथल्या मराठी मंडळाची प्रेसिडेंट. हॅलीचा धूमकेतू येतोय, म्हणून संक्रांतीच्या कार्यक्रमात विज्ञानावर काहीतरी ठेवायचंय तिला. सगळ्यांसमोर म्हणाली, मृणालताई, तुम्ही तो ग्रीकांचा क्लास करताय ना, मग तुम्हीच बोला की वीस मिनिटं.

म्हटलं, छे गं, मी कसली बोलणार!

अहो बोला हो, मस्त होईल, ती म्हणाली.

मी म्हटलं, नको, खरंच नको, तिथे सगळे डॉक्टर आणि इंजिनिअर.

ओके, नो प्रॉब्लेम, तुम्हाला प्रेशर नको, म्हणाली आणि चिप्सचा बोल पुढे केला.

एकूण छान जमलं. दोनदा नाही म्हणून झालं. आई म्हणायची, पहिल्या विचारण्याला हो म्हणते ती हावरी, दुसऱ्याला म्हणते ती उतावळी. तिसऱ्याला मान जरा खाली घालून म्हणायचं, बरं, तुम्ही इतकं म्हणताच आहात तर. आणि सिस्टर फिलोमिनांचं होतंच, नेव्हर पुश युअरसेल्फ फॉरवर्ड, गर्ल्स. आई आणि सिस्टर, दोघींचे देव वेगळे, पण ह्या बाबतीत एकमत.

पद्मजा साताऱ्याची आहे. तिला सांगावं लागत नाही. एक-दोन दिवसांत तिसऱ्यांदा विचारेल.

२४ ऑक्टोबर

फोन नाही. विनीता शिकागोहून अर्धा तास बोलत बसली, तेव्हा पद्मजाला लाइन बिझी लागली असणार. लेकीला सांगितलं, थोडे दिवस पत्रं लिहीत जा. कारण सांगितलं तर म्हणते, मॉम, जस्ट कॉल हर.

जस्ट कॉल हर! काय वळण लावलं आपण ह्या मुलांना?

२९ ऑक्टोबर

आता म्हणे अग्नी. हेराक्लायटस. सगळं सतत बदलतंय, त्याच नदीत दोनदा पाय टाकता येत नाही. फोडणी देताना ह्याचाच विचार करत होते, तर मोहरी जळली आणि स्मोक अलार्म ओरडायला लागला. हे खुर्चीवर चढून टॉवेलने वारा घालत होते. मी त्यांना अग्नितत्त्व समजावलं. ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हते.

३ नोव्हेंबर, रविवार

आला! पद्मजाचा फोन आला.

आधी हवापाणी झालं. मग म्हणाली, संक्रांतीला तुम्ही आहातच ना? म्हटलं, आहेच की. झालं. हेच ते तिसरं विचारणं. किती नाजूकपणे विचारलं! मग तिने शंभर लोकांचे तिळाचे लाडू कराल का विचारलं. मी लगेच हो म्हटलं. लाडवांना नाही म्हणायची पद्धत नाही. भाषणाचा उल्लेख मी केला नाही, तिनेही केला नाही. ह्याला म्हणतात संस्कार.

मग म्हणाली, हेमचंद्रराव आहेत का, दोन मिनिटं द्या. ह्यांनी फोन खाली बेसमेंटमधून घेतला. बराच वेळ बोलत होते. माईकचं असणार. माझी उंची कमी आहे.

५ नोव्हेंबर

भाषणाची तयारी सुरू. रोज सकाळी एक तास. (उद्यापासून. आज कणीक संपली होती.)

पार्मेनिडीस म्हणतो, बदल हा निव्वळ भास. जे आहे ते आहे, ते होत नाही आणि जातही नाही. फार धीर आला. लग्नातली पैठणी काढली, संक्रांतीला नेसायला. साडीला काही झालेलं नाही. ब्लाउज मात्र दंडाच्या वर जाईना. पार्मेनिडीस चुकला.

१९ नोव्हेंबर

आज क्लास सुटला तर बाहेर हे गाडी घेऊन उभे. बर्फ भुरभुरत होता. इतके दिवस मी बसने येते. म्हणाले, थंडीत कशाला थांबायचं, आणि बसल्याबसल्या विचारलं, आज काय शिकवलं?

चौतीस वर्षांत माझं बोलणं ऐकायला ह्यांनी गाडीतला रेडिओ बंद केल्याचं आठवत नाही. आज केला.

मी एम्पेडोक्लीस सांगितला. मुळं चार, पृथ्वी, आप, तेज, वायू. प्रेम त्यांना एकत्र आणतं, कलह वेगळं करतो, आणि ह्या दोघांच्या ओढाताणीत सगळं विश्व. हे म्हणाले, आपल्या पंचमहाभूतांसारखंच की, एक आकाश सोडून. मग म्हणाले, आधी कोण, थेलीस की हा? सगळा क्रम परत विचारला. घर आलं तरी इंजिन चालू ठेवून ऐकत होते.

माणूस रिटायर झाला की त्याला बायको दिसायला लागते.

२६ नोव्हेंबर

आज मला सुचलं. मला एकटीला!

डेमोक्रिटस म्हणतो, सगळं अणूंचं. लहान, टणक, न तुटणारे, पोकळीत भटकणारे. मी बसल्याबसल्या म्हटलं, हे तर तीळ! पण नुसत्या तिळांचा लाडू होतो का? ताटलीत घरंगळतात. त्यांना धरून ठेवायला गूळ लागतो, आणि गूळ म्हणजे एम्पेडोक्लीसचं प्रेम. म्हणजे तिळगुळाच्या एका लाडवात दोन ग्रीक!

प्रोफेसर व्हिटकरांना सांगितलं. ते म्हणाले, डेमोक्रिटसला प्रेम नको होतं, त्याच्या अणूंना हुकासारखे आकडे असायचे, पण तुमचं जास्त चवदार आहे. वर्ग हसला. झोपलेलेसुद्धा.

गाडीत ह्यांना सांगितलं. ह्यांनी गाडी कडेला घेतली. मग म्हणाले, वा! परत सांग. पेट्रोलच्या पावतीमागे लिहून घेतलं. लग्नात ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं नव्हतं.

भाषणाची सुरुवात ह्यानेच करायची. सगळ्या बायकांच्या हातात लाडू, आणि मी म्हणणार, थांबा, खाऊ नका, आधी बघा तुमच्या हातात काय आहे ते.

१० डिसेंबर

शेवटचा क्लास. ॲरिस्टॉटल. प्रत्येक वस्तूची आपली एक जागा असते, दगड खाली पडतो, ज्वाळ वर जाते, कारण तिला घरी जायचं असतं. बेळगाव आठवलं. डोळे भरून आले, चष्मा पुसला.

पण हाच ॲरिस्टॉटल म्हणतो, धूमकेतू काही आकाशातला नव्हे, ती पृथ्वीच्याच वाफा वर जाऊन पेटलेल्या. म्हणजे इतका गाजावाजा आणि निघाली जमिनीचीच वाफ. फसवणूकच ही. ह्या ग्रीकांत एकही शेवटपर्यंत टिकत नाही.

प्रोफेसरांचा स्वेटर रफू करून परत दिला. कोपर कुठलं फाटलं होतं ते त्यांना सापडेना.

४ जानेवारी १९८६

मंडळाचं पत्रक आलं. त्यात छापलंय, व्याख्यान: ग्रीकांचं विश्व, वक्ते डॉ. हळबे.

मला डॉक्टर करून टाकलं! टायपिंगची चूक. पद्मजाला कळवून दुरुस्त करून घ्यावं असं वाटलं, पण तिलाच ओशाळल्यासारखं होईल. शिवाय तीन महिने मी जेवढा अभ्यास केला, तेवढ्यात काही लोकांना देतातही. ‘वक्ते’ मात्र खटकलं. बाईला वक्त्या.

पत्रक फ्रिजवर लावलं. ह्यांनी पाहिलं. म्हणाले, तुला हरकत नाही ना? म्हटलं, मला कसली हरकत, मला अभिमानच आहे. ह्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. जाताना म्हणाले, तुझ्यासारखी तूच.

११ जानेवारी

हे दाढी करताना बाथरूममध्ये पुटपुटत असतात. दाराला कान लावला. थेलीस, ॲनॅक्झिमँडर, ॲनॅक्झिमिनीस. माझा विषय घरभर पसरलाय! क्रम चुकवत होते. बाहेरूनच दुरुस्त केला. आतून थँक यू आलं.

नवा टाय घेतलाय. बायकोच्या दिवशी बरं दिसावं म्हणून.

१७ जानेवारी

लाडू झाले. तळहात भाजले. पाक एकदा कच्चा राहिला, एकदा दगड झाला. अणूंना धरून ठेवणं सोपं नाही. भाषण पाठ. पैठणीला दुसरा ब्लाउज, मॅचिंग नाही, पण पदराखाली जाईल. सिस्टर फिलोमिना, उद्या बघा.

१८ जानेवारी, संध्याकाळ उलटून

लिहवत नाही. तरी लिहिते.

पहिल्या रांगेत बसले. लहान मुलींचा नाच लांबला, आपल्याकडे लांबतोच. मग पद्मजा माईकशी आली. म्हणाली, आता ग्रीकांच्या विश्वात आपल्याला घेऊन जाणार आहेत. मी पदर सारखा केला, उठले.

डॉक्टर हेमचंद्र हळबे, ती म्हणाली.

मी उभी. हे माझ्या शेजारून उठले, नवा टाय सरळ केला, मला अंगठा दाखवला आणि वर गेले. लोक टाळ्या वाजवत होते. उभ्या बाईने काय करायचं? जणू किचनमध्ये काही राहिलंय असं दाखवत मी किचनमध्ये गेले. वाटून उरलेल्या लाडवांचा ट्रे घेऊन दारात थांबले.

तिथून ऐकलं. हे म्हणाले, हातातला लाडू खाऊ नका, आधी बघा काय आहे ते. तीळ म्हणजे अणू, गूळ म्हणजे प्रेम. लोक खूश! मागून कोणीतरी ओरडलं, क्या बात है डॉक्टर! एम्पेडोक्लीसला ह्यांनी थेलीसच्या आधी नेऊन बसवलं. कोणाला पत्ता नाही. मला होता.

शेवटी म्हणाले, हे सगळं मी माझ्या मिसेसकडून शिकलो. आणि लाडू पण तिनेच केलेत.

लाडवांना जास्त टाळ्या पडल्या.

थेलीसला काय वाटलं असेल ते आज कळलं. निदान त्याला लाडू तरी करावे लागले नव्हते.

१९ जानेवारी

काल गाडीत मी बोलले नाही. रेडिओ लावला. ह्यांनी बंद केला. म्हणाले, कसं झालं?

मी म्हटलं, ते भाषण माझं होतं.

हे गडबडले. खरंच गडबडले. म्हणाले, पद्मजाने आधी तुलाच विचारलं होतं ना? तू दोनदा नाही म्हणालीस, मग तिने मला विचारलं. मी हो म्हटलं.

एकदम?

एकदम. विचारलं तर हो म्हणायचं की. आणि मला वाटलं तुला माहीत आहे. तू किती प्रेमाने तयारी करून घेत होतीस! क्रमसुद्धा दुरुस्त केलास.

मी म्हटलं, चौतीस वर्षं संसार करून माझं ‘नाही’ तुम्हाला कळत नाही? मला बघायला आलात, गाणं म्हणा म्हणालात, मी नको म्हटलं. परत म्हणालात, परत नको म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणालात तेव्हा गायले. तेव्हा बरं कळलं?

ह्यांनी वायपर बंद केले. मग म्हणाले, मृणाल, तेव्हा मी अमेरिकेत नव्हतो.

घरी आल्यावर ह्यांनी चहा केला. साखर घातली होती. प्यायले.

२० जानेवारी

संकल्प: ह्यापुढे स्पष्ट बोलायचं. हो ते हो, नाही ते नाही. नम्रपणा बंद. आई आणि सिस्टर दोघींची क्षमा मागून. प्रेम जोडतं, कलह तोडतो, आणि ह्या घरात सध्या कलहाची पाळी आहे. ह्यांना ग्रीकांबद्दल एक अक्षर सांगणार नाही.

(रात्री जेवताना एम्पेडोक्लीसचा क्रम पुन्हा नीट समजावला. चुकीचं डोक्यात राहायला नको.)

९ फेब्रुवारी, रविवार

हे कोणाशी काय बोलले कोण जाणे. सकाळी पद्मजाचा फोन. आवाज पडलेला. म्हणाली, मृणालताई, सॉरी हं, मला कळलंच नाही. आता गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात तुम्हीच बोलायचं, फक्त तुम्ही, अर्धा तास, तुमच्या नावाने छापते.

हे समोर बसले होते. माझ्याकडे बघत जोरजोरात मान डोलावत होते, हो म्हण, हो म्हण.

मला इतकं भरून आलं. संकल्प आठवला, बेळगावची विहीर आठवली, तोंड उघडलं.

आणि म्हटलं, अगं नको, आता कशाला!

पद्मजा म्हणाली, ओके, आय अंडरस्टँड. श्रीखंड कराल?

म्हटलं, हो, करीन की.

ह्यांनी कपाळावर हात मारून घेतला. ह्यांना कळत नाही. मी हिशेब नीट धरलाय, हे फक्त पहिलं विचारणं होतं. आता तिला समजलंय मी कशी आहे ते. अजून दोनदा विचारेल.

विनीताला सांगितलंय पत्र लिही. ह्यांना सांगितलंय फोनला हात लावू नका. लाइन मोकळी ठेवली आहे.