काही तक्रार नाही

खैरूनआपा,

तुमचे कागद नेहमी मीच वाचून द्यायचे. हे पत्र तुम्हाला दुसरं कुणीतरी वाचून दाखवेल, ते मला सोसवणार नाही. म्हणून ते पेटीत टाकणार नाही.

बिबवेवाडीच्या आपल्या कारखान्यात युरोपातून बाई तपासणीला आल्या, तो दिवस आठवतो ना? आपण शिवलेले कुडते तिकडे विकायचे, तर इथे प्रत्येकाला आपला धर्म पाळता येतो की नाही हे त्यांना बघायचं होतं. शेठनी सकाळीच नमाजाची खोली तयार करवून घेतली. चटईवर दुकानाची चिठ्ठी तशीच होती.

तुम्ही खरं ते सांगितलंत. दुपारी पाच मिनिटं नमाज पढलात म्हणून तुम्हाला मशीनवरून उठवून धागे कापायला बसवलं, हे तुम्ही नीट सांगितलंत. बाईंना ते इंग्रजीत सांगायला मी होते. शेठ दारात उभे होते. मी म्हटलं, "यांची काही तक्रार नाही."

चौदा एप्रिलच्या माझ्या पांढऱ्या साडीवरचा ब्लाउज दरवर्षी तुम्हीच शिवायचात.

ऑर्डर मिळाली. शेठनी तुमचं बोलणं ऐकलंच होतं, आठवड्याभरात तुम्हाला घरी बसवलं. मला सुपरवायझर केलं.

तपासणीच्या त्या दिवशी जिना उतरताना तुम्ही माझा हात दाबलात आणि म्हणालात, "बरं झालं पोरी, सांगायला तू होतीस. परक्या माणसानं अर्धंच सांगितलं असतं."

तुमची म्हणवत नाही,
प्रियदर्शनी