लॉबी-सम्राट

४ मार्च
आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायची नाही, तरी नवा पेन आणलाय.
दुपारी हॉटेलात पियानो वाजवताना एकदम लक्षात आलं, प्रत्येक संगीताला राजा असतो. पॉपला आहे, रॉकला आहे, ब्लूजला आहे. सोलला राणी आहे. जॅझमध्ये तर ड्यूक, काउंट असा सगळा दरबारच भरलाय. हॉटेलच्या लॉबीत जे संगीत वाजतं त्याला मात्र कोणीच नाही. गादी रिकामी, आणि मी इतकी वर्षं तिच्या शेजारीच स्टूल टाकून बसलोय.

५ मार्च
हिला सांगितलं. ही म्हणाली, आधी गिझरवाल्याला फोन करा.

८ मार्च
विषयाचा अभ्यास केला. राजे स्वतःला राजे म्हणवून घेत नाहीत. आधी दुसरा कोणीतरी म्हणतो, मग पेपरवाले, मग सगळेच. म्हणजे मला फक्त एक माणूस हवाय.
संकल्प: रोज हॉटेलात लवकर जाऊन दोन तास रियाज. उद्यापासून.

९ मार्च
रियाज नाही. गिझरवाला आला होता.

१२ मार्च
मेव्हण्याचा छापखाना आहे. त्याला सुचवलं, तू मला सम्राट म्हणून बघ. तो म्हणाला, दाजी, म्हणायला माझं काय जातंय, पण चारचौघांत नको. मग कार्डं छापून घेतली. ‘लॉबी-सम्राट’, खाली फोन नंबर. छापलं त्याने, म्हणजे म्हटलंही त्यानेच. पियानोचं चित्र टाकायला मात्र विसरला.

१५ मार्च
कार्डाला पहिला प्रतिसाद. एका बाईंचा फोन. लॉबीला मार्बल बसवता की टाइल्स, असं विचारत होत्या. मी म्हटलं, मी वातावरण बसवतो. त्यांनी फोन ठेवला. पण नाव पोचतंय.

१९ मार्च
मॅनेजरसाहेब म्हणाले, जरा हळू वाजवा, काउंटरवर गिऱ्हाइकाचं नाव ऐकू येत नाही. म्हणजे साहेबांनी मला अजून नीट ऐकलेलंच नाही. ऐकतील तर तेच पहिले म्हणतील. रेकॉर्डिंग करून द्यायचं ठरवलं.

२४ मार्च
सकाळी लॉबी रिकामी असताना रेकॉर्डिंग. हिने फोन धरला. लादी पुसणाऱ्या मावशींना थांबवलं, त्या बादली घेऊन उभ्या राहिल्या. खरं सांगतो, असं मी आयुष्यात कधी वाजवलं नव्हतं. माझेच डोळे भरून आले. शेवटी मावशी म्हणाल्या, आता पुसू का.

२६ मार्च
साहेबांनी दोनदा ऐकलं. ‘राजा’ नाही म्हणाले, ‘सोयीचं आहे’ म्हणाले. सुरुवात वाईट नाही.

१ एप्रिल
माझ्या चहाच्या वेळेत आता रेकॉर्डिंग लावतात. संपलं की पुन्हा लावावं लागतं, म्हणून रिसेप्शनवरची मुलगी वैतागली होती. ते आपोआप परत सुरू कसं होतं, ते मीच तिला शिकवलं. ती म्हणाली, सर, फार बरं झालं.

७ एप्रिल
चहाची सुट्टी वाढवून मिळाली. चार ते सहा. एवढा मान पूर्वी नव्हता.

१५ एप्रिल
साहेबांनी केबिनमध्ये बोलावून खुर्ची दिली. म्हणाले, उद्यापासून तुम्ही यायची तसदी घेऊ नका. मी विचारलं, मग पियानो कोण वाजवणार? ते म्हणाले, वाजतोय की. त्याच्यावर आता फुलदाणी ठेवणार आहेत.
हिला म्हटलं, नोकरीतून मोकळा झालो, आता सम्राटपदाकडे लक्ष देता येईल. हिने लगेच चहा आणून ठेवला. अभिमान वाटला असावा. चहाच्या कपाखाली पेपरमधलं नोकऱ्यांचं पान होतं.

२ मे
रियाज नाही. पियानो हॉटेलात आहे, त्याला मी काय करणार.

९ मे
हॉटेलातून फोन. स्पीकर बंद पडलेत, आज संध्याकाळी येता का? साहेब म्हणाले, लोकांना आवडलं तर पुन्हा ठेवून घ्यायचा विचार करू. मला माहीतच होतं. हिने कोट इस्त्री करून दिला आणि दारापर्यंत आली.

१० मे
काल वाजवलं. चांगलं वाजवलं. बोटं जरा आखडली होती, एवढंच.
खांबाजवळच्या सोफ्यावर एक वयस्क गृहस्थ पेपर वाचत होते. तिथे नेहमी उतरणारे. त्यांनी पेपर खाली ठेवला. आजवर माझ्यासाठी कोणी पेपर खाली ठेवलेला नाही. उठून ते काउंटरवर साहेबांकडे गेले. बोलणं मला स्पष्ट ऐकू येत होतं, कारण मी हळू वाजवत होतो. ते म्हणाले, रोज लावता ते का बंद केलंत? त्या माणसाला तोड नाही, या प्रकारातला राजा आहे तो. हा बिचारा त्याची नक्कल करतोय, पण जमत नाही.
साहेबांनी त्यांची माफी मागितली. मग मीही मागितली.
घरी हिने विचारलं, कसं झालं? मी म्हटलं, एक जण राजा म्हणाले. कोणाला, ते सांगितलं नाही. बऱ्याच दिवसांनी ही मनापासून हसली आणि ताटं घेतली.