चौकाबाऱ्याच्या चार कवड्या

अण्णा,

या आठवड्यात आलेलं सामान: नारळ दोन, नव्वद रुपये. कापूर, चाळीस. चिकपेटेतून कवड्या चार आणि रंगीत खडू, मिळून पन्नास. बस बायकांना फुकट, म्हणून जाण्यायेण्याचा खर्च नाही. लग्न होऊन मी बेंगळुरूला निघाले तेव्हा तुम्ही बजावलं होतं, पत्राच्या डोक्यावर आधी काय आलं, काय लागलं ते लिहायचं, ख्यालीखुशाली मागून, आणि शेवटी 'उलट टपाली कळवा'. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, सवय गेली नाही. इथे भाजीवालाही अण्णा आणि रिक्षावालाही अण्णाच. सुरुवातीला कुणी मागून तशी हाक मारली की माझे खांदे आपोआप कानाशी जायचे.

कवड्या कशाला, असं विचाराल. राजाजीनगरातल्या आमच्या गल्लीला रविवारी सकाळी दोन्ही तोंडांशी दोरी बांधतात आणि रस्ता खेळायला मोकळा करतात. पोरं चाकाचे बूट घालून धडपडतात, शिंपीभाईंची बीबी एका नेमात लगोरी उडवते, तमिळ मामी पायरीवर बसून सगळ्यांना कॉफी देतात, आणि समोरच्या अक्का खडूने घरं आखून चौकाबारा मांडतात. गंमत असते हो, आणि खर्च काही नाही. अक्का मला खिजवतात, "पूजा स्वल्प कमी करा, देव कुठे पळून जातोय? बसा." मी बसते, पण कवड्यांना कधी हात लावला नव्हता. कारण तुम्हांला ठाऊक आहे.

निपाणीच्या घरी नागपंचमीचा दिवस. आई ओसरीवर शेजारणींबरोबर खेळते आहे, हातावर ओली मेंदी. तुम्ही तंबाखूच्या वखारीतून लवकर आलात, खुशीत होतात, "मलाही एक डाव द्या" म्हणून मांडी घालून बसलात. समोरच्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आतल्या घरात शिरता येत नाही, हा खेळाचा नियम. आईने तुमची मारली. शेजारणी हसल्या. तुम्हीही हसत होतात अण्णा, हसता हसताच बसायचा पाट उचललात आणि तिच्या तोंडावर घातलात. शेजारणी खाली मान घालून पदर सावरत निघून गेल्या. मी विखुरलेल्या कवड्या गोळा करत होते. त्यातली एक हाताला बारीक लागली आणि ओली. तो आईचा दात होता. दुसऱ्या दिवशी तुम्ही तिच्यासाठी नव्या कवड्या आणल्यात. तिने त्या देव्हाऱ्यात ठेवल्या, शेवटपर्यंत बाहेर काढल्या नाहीत; आता त्या माझ्या देव्हाऱ्यात आहेत. कुणी विचारलं की म्हणायची, "पायरीवरून पडले."

परवाच्या रविवारी अक्कांच्या कवड्या फुटल्या म्हणून मी नव्या घेऊन गेले. तिथून मारुतीला जायचं होतं, नारळ कापडी पिशवीत. आमच्या वरच्या मजल्यावर नागपूरचं जोडपं राहतं, दोघंही कॉम्प्युटरवाले. ती डावात बसली होती, तोही. चार पडले आणि तिने त्याची सोंगटी मारली, अगदी घराच्या दारात. "गेली बाप्पा तुझी सोंगटी!" म्हणून ती टाळ्या पिटायला लागली. मामी हसल्या, अक्का हसल्या. तोही हसला. ते हसू मी ओळखलं.

त्याने डाव लाथेने उधळला, तिचं मनगट पिरगाळून तिला उभं केलं आणि अशी थोबाडीत दिली की ती मामींच्या पायरीवर आपटली. ओठ फाटला. शिंपीभाई पायाशी बघायला लागले. मी म्हटलं, "सोड तिला." तो म्हणाला, "आंटी, रिलॅक्स. आमचा पर्सनल मॅटर आहे." आणि पुन्हा हात उगारला.

मी पिशवी फिरवली. नारळ त्याच्या भुवईवर बसला. कवटी फुटल्यासारखा आवाज झाला, पण फुटला तो नारळ. पाणी आणि रक्त एकदमच त्याच्या शर्टावर आलं. तो मटकन खाली बसला. मी परत फिरवली, ह्या खेपेला खांद्यावर. तिसऱ्यांदा फिरवणार तेवढ्यात अक्कांनी मला मागून मिठी मारली. "साकु, साकु! पुरे!"

"पोलीस कंप्लेंट करीन," तो ओरडत होता. "सरी, बरं, करा," अक्का म्हणाल्या. "आम्ही सगळे येतो की सांगायला, आधी काय झालं ते." मग शिंपीभाईही पुढे झाले. तो डोळ्यावर रुमाल धरून दोरीखालून गेला, अजून आलेला नाही. मारुतीचा नारळ असा फुटल्यावर देवापुढे कसा ठेवायचा? पण वाया तरी कसा घालवायचा? धुऊन चटणी वाटली, घरोघर दिली.

पोरगी माझ्याकडे आहे. "काकू, मी आता वर नाही जाऊन राहिली," एवढंच बोलली, आणि दोन भाकऱ्या खाल्ल्या. तिचा भाऊ उद्या तिला न्यायला येतोय. संध्याकाळी तिने ओटीवर खडूने घरं आखली. मी पहिल्यांदा कवड्या टाकल्या. हात सुजलाय, हळद लावली आहे.

सगळे मला शाबासकी देतात. मारुतीपुढे मात्र माझ्याने डोळे वर होत नाहीत. पहिला फटका त्या पोरीसाठी होता. दुसऱ्या वेळी तो खाली बसलेला होता, हात डोक्यावर धरून. मारायची गरज नव्हती. तरी मारलं, आणि खोटं कशाला लिहू, बरं वाटलं. अंगातून गार पाणी उतरल्यासारखं. हे पत्र टाकायला पेटी नाही, देव्हाऱ्यात आईच्या कवड्यांखाली ठेवते आहे. पण तुम्ही सांगायचात तसाच शेवट करते. तुम्हांलाही तेव्हा असंच बरं वाटायचं का, एवढं उलट टपाली कळवा.