सातव्या कप्प्यातले भुंगेरे

मी, बियाणे तपासणीच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेली, वय वर्षे शहात्तर, हे मृत्युपत्र कुणाच्याही दबावाला न जुमानता लिहीत आहे. शुद्धीत असल्याचा पुरावा म्हणून नमूद करते की आज सकाळीच भोपळ्याच्या पानावरच्या दोन तांबड्या भुंगेऱ्यांतला फरक मी चष्म्याशिवाय सांगितला. आधीची मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती रागात लिहिली होती.

१. राहते घर मुलीला. फडताळातल्या बरण्यांत किडके वाटाणे आहेत, ते नमुने आहेत. जावईबापूंनी एकदा ते शिजवायला भिजत घातले होते. त्यांना मी माफ केले आहे.

२. बचत, सूक्ष्मदर्शक आणि चिमटे नातीला. डिंकाची बाटली मात्र फेकून द्यावी.

३. माझ्या कीटकांच्या कपाटातला सातवा कप्पा धाकट्या दिरांना. त्यात शेंगांच्या बियांतून निघालेले एकशे बारा भुंगेरे आहेत आणि सगळे एकाच जातीचे, अशी माझ्या अक्षरातली चिठ्ठी आहे. दीर शाळेत जीवशास्त्र शिकवीत. अकरा वर्षांपूर्वी ते म्हणाले, यात दोन जाती आहेत, मागच्या मांडीवरचे काटे मोजा. मी चार लोकांत त्यांना सुनावले की तुम्ही आपले फळ्यावर बेडूक काढा. तेव्हापासून त्यांनी या घराची पायरी चढलेली नाही.

काटे मोजणार कसे? मी सगळे भुंगेरे पोटावर चिकटवलेले, मांड्या डिंकात बुडालेल्या. कोमट पाण्यात ठेवले की सुटतात, हे मला ठाऊक होते. पाणी तापवायला अकरा वर्षे हात धजला नाही.

गेल्या रविवारी तापवले. एकसष्ट जणांना एक काटा, एक्कावन्न जणांना दोन. माझी चूक निघाली आणि मी स्वयंपाकघरात एकटीच हसत बसले. आपल्या परिसरात दोन जाती! निवृत्तीनंतर इतका आनंद झाला नव्हता. सबब कप्पा दिरांचा, सोबत माझी बिनशर्त माफी.

४. सहीपूर्वीची पुरवणी. हे वाचायला दिरांना बोलावले. ते आले. कलम तीन दोनदा वाचून त्यांनी चष्मा पुसला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. पाऊण तास एकेक भुंगेरा उलटून पाहिला. मग म्हणाले, "वहिनी, दोन नाहीत. तीन आहेत."

मी म्हटले, "भाऊजी, सरका."

सबब कलम तीन तूर्त स्थगित. तपासणी पुरी होईपर्यंत मला मरायला सवड नाही.

ठिकाण: जेवणाचे टेबल, जिथे आज जेवायला जागा नाही.
दिनांक: १२ ऑगस्ट, दुपारी चार.
सही: (केली आहे, शेजारचा डाग कोमट पाण्याचा)
साक्षीदार: १. शेजारच्या शिंपीणबाई. २. वकीलबाई, ज्यांना दोनदा भिंगातून बघायला लावले.