वाघजाईच्या बोकडाला सुरी कुणाची

३ एप्रिल १९६५

आमचा वाल्मीक खडकीहून आला. बरोबर पुण्याच्या त्याच्या मंडळाची दोन पोरं. पांढरे शर्ट, कपाळाला गंध, मनगटाला घड्याळं. म्हटलं, पोरगा जत्रेच्या तयारीला आला. तर ह्यानं संध्याकाळी देवळापुढं सभाच भरवली! म्हणे यंदा वाघजाईचा बोकड मुलाण्यानं कापायचा नाही. "देवी आपली, बोकड आपला, मग सुरी त्यांची का?" टाळ्या पडल्या. हुसेन मुलाणी माझ्या शेजारीच बसला होता. त्यानंही टाळी वाजवली — सवयीनं! मग समजलं तसा हात खाली घेतला आणि उठून गेला.

४ एप्रिल

डोकं फिरलंय. आमच्या पणज्यापासून देवीच्या बोकडावर सुरी फिरवायचा मान मुलाण्याच्या घराचा. कुणाच्या घरी साधं कोंबडं कापायचं तरी हुसेन येणार, बिसमिल्ला म्हणणार, मग बायका पातेलं चढवणार. आमच्या चंद्राबाईला तर दुसऱ्या कुणी कापलेलं मटण म्हणजे मेलेलं जनावर. उंबऱ्याच्या आत घेत नाही. आणि पोरगा म्हणतो हे धर्माविरुद्ध आहे! अरे, तुझ्या आईला विचार धर्म काय आहे ते!

५ एप्रिल

हुसन्या आज पारावर आला नाही.

८ एप्रिल

मीच त्याच्या घरी गेलो. दोघं बरोबर गुरं राखलेली माणसं आम्ही, मला कसला कमीपणा. हसून म्हणाला, "मला काय, यंदा सुट्टी! बसून जत्रा बघतो." पण त्याची जैनाबी चहा ठेवून परत आतच गेली. निघताना म्हणाला, "कुशा, मान गेला की गावात ऱ्हाऊन काय करू? लेक पौडाला बोलावतीया." मी म्हटलं, गप. असं काही होत नाही.

१० एप्रिल

वाल्मीकशी भांडण. जोरात. "आबा, तुम्ही मागासलेले आहात." मी! पलटणीत इटलीपर्यंत जाऊन आलो, माझ्या तुकडीत सगळ्या जातीधर्माची माणसं एका ताटात जेवली, आणि मी मागासलेला! मला वाटायचं पोरगा शिकला, मशीनवर काम करायला लागला, आता मोकळ्या मनाचा होईल. उलटंच झालं. हा म्हणतो आपलं मूळचं, शुद्ध, जुनं परत आणायचं. मी म्हटलं, बाबा, जुनं मी बघितलंय. जुन्यात हुसेनचा बाप होता. तुझं हे मंडळ परवाचं!

"पुण्यात लोक हसतात आपल्याला," म्हणाला. तेव्हा कळलं कुठं दुखतंय ते.

चंद्राबाई रडली. वैशाखात त्याचं लग्न आहे, नेऱ्याची मुलगी ठरलीय. म्हणाली, "आवं, लगीन होस्तवर तरी बापलेक गप ऱ्हावा."

१२ एप्रिल

रेडिओवर कच्छच्या रणात गोळीबाराची बातमी. ग्रामपंचायतीपुढं पोरं हुसेनला बघून म्हणाली, "काय चाचा, तुमचं लष्कर कुटवर आलं?" माझं लष्कर म्हणजे हुसेनचं लष्कर रे! तीन पावसाळे मी परमुलखात होतो तेव्हा माझी भातखाचरं त्यानं लावली. ओरडलो पोरांवर. हसली. माझ्यावर कधी कुणी हसत नव्हतं.

१४ एप्रिल

उद्या जत्रा आणि बोकड कापणार कोण हेच ठरेना! भाषणाला सगळे, सुरीला कुणी नाही. नथू गुरव म्हणाला, "म्या फुलं वाहतो, माझं ते काम न्हाई." एकाची बायको गरोदर, एकाचा हात दुखतो. शेवटी वाल्मीक म्हणाला, मी कापतो. जन्मात कोंबडी धरली नाही ह्यानं.

१५ एप्रिल

झालं ते झालं. लिहितो.

बोकड धरला, वाल्मीकनं सुरी लावली. मी हातभर अंतरावर. त्याचं मनगट थरथरत होतं. अर्धीच फिरली. बोकड हिसडा देऊन सुटला, रक्त उडवत बायकांच्या घोळक्यात घुसला, तिथून पायऱ्या उतरून ओढ्याकडं. एकच गलका! धोंडाबाईच्या अंगात देवी येते, ती घुमायला लागली. "माझा बोकड इटाळला! ज्यानं इटाळला त्याच्या दारात मांडव पडू देणार न्हाई!" गर्दीत नेऱ्याचे पाव्हणे उभे. मुलीचा बाप पांढराफटक.

आणि मग तेच लोक — टाळ्या वाजवणारे! — "मुलाण्याला बोलवा, मुलाण्याला बोलवा!" हुसेन अनवाणी पळत आला. बोकडाला ओढ्यातच धरलं, मानेवरून हात फिरवला, पुटपुटला आणि क्षणात सोडवलं बिचाऱ्याला. सगळा गाव जेवला. चंद्राबाईसुद्धा. वाल्मीक जेवला नाही.

१६ एप्रिल

नेऱ्याहून निरोप. देवीनं नको म्हटलेल्या घरात मुलगी देणार नाहीत. चंद्राबाईनं डोकं आपटून घेतलं भिंतीवर. पोराचं तोंड बघवत नाही. राग कुठं गेला माझा कोण जाणे. पोटचा पोर आहे शेवटी.

१८ एप्रिल

नवंच ऐकलं! मुलाण्यानं सुरीवर करणी केली म्हणून बोकड सुटला. आधी मंडळाची पोरं म्हणाली, आता बायकाही ओढ्यावर तेच म्हणतात. करणी मुलाण्याची निघाली तर वाल्मीक सुटला, सोयरीक जमली. मोठी सोय झाली सगळ्यांची. सुरी आमच्या घरची होती, हे कुणी बोलत नाही.

वाल्मीकला बाजूला घेतलं. "तुझा हात कापत होता. मी बघितलंय. चावडीत सांग." तो म्हणाला, "मंडळाचं नाव जाईल, आबा." मग हळूच, "आणि लग्न?"

२० एप्रिल

हुसेनकडं गेलो. परवा करणीचा निवाडा करायला चावडीवर बैठक आहे, नेऱ्याचे लोकही येणार. म्हटलं, घाबरू नकोस, मी उठून खरं काय ते सांगणार. सगळ्यांत जवळ मी होतो. त्यानं विडी पेटवली. म्हणाला, "आन मग पोराच्या लग्नाचं काय?"

मी म्हटलं, बघू.

"वैनी लई रडतीया म्हनं," म्हणाला.

२१ एप्रिल

जेवण जात नाही. काय बोलायचं ते मनात घोकतोय. पलटणीत कधी एवढा घाबरलो नाही.

२२ एप्रिल

चावडीत सगळा गाव. मी बोलायला घसा खाकरला, तोवर हुसन्याच उभा राहिला. "करनी म्याच केली. वाल्मीकचा कायबी दोष न्हाई. उद्या गाव सोडतो." माझ्याकडं बघितलं नाही. नेऱ्याच्या पाव्हण्यांनी माना डोलावल्या. म्हणाले, लग्न ठरल्या दिवशीच!

मी उठलो नाही.