भाचीला आणायचं होतं

११ फेब्रुवारी २०२४, हिंडलगा

भाऊ गेला. वहिनीही. गाझातल्या आमच्या घरावर बॉम्ब पडला — केव्हाच, आणि मला आज कळलं! त्यांची हला तेवढी वाचली. नऊ वर्षांची भाची माझी. जखमी मुलांबरोबर तिला कैरोच्या दवाखान्यात नेलंय. त्यांची शेजारीण सामिया सोबत आहे.

मराठीतच लिहिते. अरबीत लिहिलं तर फुटेन.

१२ फेब्रुवारी

सासूबाईंनी गल्लीत सांगितलं, "नलिनीला बरं न्हाय." भाऊ गेला, असं नाही सांगितलं. बेळगावात शिकायला आले, नागेंद्रशी लग्न केलं, नाहिदाची नलिनी झाले. नलिनीला भाऊ नव्हताच बहुतेक!

२० फेब्रुवारी

सामिया आता आपल्या मुलाकडे जाणार. हला कुणाकडे राहणार? मी म्हटलं, इकडे आणू या. नागेंद्र नुसता भात कालवत राहिला.

सासूबाईच बोलल्या. "मूल न्हाय म्हणून कुणाचंबी आणायचं व्हय गं? आपलं न्हवं ते."

"माझं आहे."

"मग तू कुणाची?"

नागेंद्रनं आणखी भात वाढून घेतला!

२१ फेब्रुवारी

जेवले नाही. कुणी विचारलंही नाही.

३ मार्च

नागेंद्र कबूल झाला! वकिलाला भेटून आलाय. म्हणतो, "आणूया पोरीला. पण नाव इथलं ठेवू. गल्लीत उगंच लोकांचं बोलणं नको." चांगुलपणानंच म्हणाला. मागची खोली रंगवायचीय म्हणे. सासूबाईंनी तर नावही शोधून ठेवलं — हर्षा.

आनंद व्हायला हवा होता. माझ्या वेळीही सगळं असंच प्रेमानं झालं होतं.

५ मार्च

हलाशी व्हिडिओवर बोलले. डावा हात कोपरापासून नाही. मला कुणी सांगितलंच नव्हतं! अरबी शब्द आठवेनात, मधेच तोंडातून "व्हय, व्हय" निघालं. तिनं सामियाला विचारलं, "ही कोण परकी बाई?"

"तुझी आत्या."

"आत्या कधी आलीच नाही. बाबा वाट बघायचे."

आणि तोंड फिरवलं तिनं. रडली असती तरी चाललं असतं.

१९ मार्च

माझा इजिप्तचा व्हिसा आला. उद्या कैरोला निघते. नागेंद्रनं विचारलं, "परतीची तुमची दोघींची तिकिटं कधीची काढू?"

म्हटलं, काढू नकोस.