दुर्बिणीचे चार स्क्रू

धुळे,
ता. ९ ऑगस्ट १९७४

चि. पुना यास,

घेवरचंदचा आशीर्वाद. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. तूही तिकडे बरा असशील असं धरून चालतो. पाऊस यंदा वेळेवर आहे. कापसाचं जिनिंग बंद आहे, दिवाळीपाशी सुरू होईल. तू गेल्यापासून लेथवर कोणी टिकलं नाही. तुझी आई तानुबाई परवा बाजारात दिसली. मला पाहून ती दुसऱ्या बोळात वळली. तिची दृष्टी अधू झाली असेल.

कामाचं लिहितो. दीपनगरच्या वीजकेंद्राच्या कचेरीतून मला कागद आला आहे. तुला तिथे कायम करायचं म्हणतात, आणि त्यासाठी आधीच्या मालकाने तुझ्या चालचलनाचा दाखला द्यायचा आहे. मुदत ३१ ऑगस्ट. कागद माझ्या टेबलावर आहे. मी अजून त्यावर काही लिहिलेलं नाही.

पुना, माझ्या मनात तुझ्याविषयी राग नाही. पण जे घडलं ते डोळ्यांसमोरून जात नाही. मुंबईच्या त्या पारशी गृहस्थाकडून मी पिस्तूल घेतलं तेव्हा सगळे हसले होते. एका वेळी एकच काडतूस, वर हातभर नळी. जैनाच्या घरात हे कशाला, असं तुमची शेठाणी सज्जनबाईसुद्धा म्हणाली. मी आयुष्यात एक चिमणी मारली नाही, कागदाला भोकं पाडली एवढंच. त्या पिस्तुलावर दुर्बीण बसवून, टेबलाशी बसून, वाळूच्या पिशवीवर नळी टेकवून दोनशे यार्डांवरचा कागद वेधायचा, हे माझं वेड तुलाच कळलं. पट्टी तू केलीस, कड्या तू कातल्यास, चार स्क्रूंचे आटे तू पाडलेस. दुर्बीण डोळ्यापासून किती लांब हवी, ते माझा हात मोजून तूच ठरवलंस.

आणि मग रोज सकाळी पहिली गोळी भलतीकडे! मी दुर्बिणीच्या चकत्या फिरवून नेम जुळवायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. एक दिवस डावीकडे, एक दिवस खाली. असं आपोआप होतं का? सकाळी नळी पुसायला पिस्तूल तुझ्याच हातात असायचं. त्याच दिवसांत स्टँडवर तू भिकमचंदच्या ड्रायव्हरबरोबर, त्या तोतारामबरोबर, चहा पिताना मला दिसलास. दोघं हळू आवाजात बोलत होतात. मला पाहताच तोताराम उठला. क्लबाच्या सव्वीस जानेवारीच्या नेमबाजी सामन्यात माझ्यासमोर भिकमचंदच बसणार होता, हे तुला ठाऊक होतं.

त्या दिवशी माझ्या पाचांपैकी तीन गोळ्या कागदालाही लागल्या नाहीत. मी बोललो ते रागात बोललो असेन. चौकीवर कळवलं, कारण हत्यार परवान्याचं आहे, उद्या काही झालं तर जबाब मला द्यावा लागला असता.

आता एवढंच कर. कोणाच्या सांगण्यावरून स्क्रू ढिले केलेस, ते मला एका ओळीत लिही. ते पत्र मी कोणाला दाखवणार नाही. दाखल्याचं मग मी पाहतो.

तुझं भलं चिंतणारा,
घेवरचंद ओस्तवाल

•

दीपनगर,
ता. १८ ऑगस्ट १९७४

घेवरचंद शेठ यांस,

पुना तायडे याचा जयभीम. पत्र पोचलं.

आईची नजर चांगली आहे. अजून सुईत दोरा ओवते.

तोताराम माझ्या बहिणीला, बेबाबाईला, पाहून गेला होता. देण्याघेण्याचं घरात सगळ्यांसमोर बोलता येत नव्हतं, म्हणून स्टँडवर भेटलो. तुम्हाला पाहून तो उठला, कारण तुम्ही शेठ आहात. मी दोन दिवस चौकीत बसलो आणि ते स्थळ मोडलं. त्यांनी कारण सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही.

स्क्रू मी ढिले केले नाहीत. दुर्बीण बसवली त्या दिवशी मी तुम्हाला म्हणालो होतो, शेठ, आता हिला हात लावायचा नाही, एकदा निघाली की नेम गेला. त्या खाचांसाठी मी पेचकस घासून वेगळा केला होता. दुसरं काही त्या खाचेत नीट बसत नाही. सामन्याच्या सकाळी नळी पुसताना पाहिलं तर चारही स्क्रूंच्या खाचांच्या कडा फाटलेल्या होत्या. कोणीतरी जाड, बोथट काहीतरी घालून ते पुन्हा पुन्हा फिरवले होते. तुम्हाला सांगणार होतो, पण तुम्ही घाईत टेबलाशी जाऊन बसलात. नंतर बोललो नाही, कारण तुम्ही मला विचारत नव्हतात. सगळ्यांना सांगत होतात.

दुर्बीण संध्याकाळनंतर कुठे असायची ते मला माहीत नाही. ज्याला माहीत आहे त्याला विचारा.

दाखल्यावर काय लिहायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. तुम्ही मागता ती ओळ मी लिहिणार नाही.

पुना भिका तायडे

•

धुळे,
ता. ४ सप्टेंबर १९७४

पुना,

तुझं पत्र मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला राग आला. चोर सापडला की तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो, असं म्हणून मी ते सज्जनबाईला वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "दुर्बीण तर तुम्हीच रोज काढून घरी आणत होतात."

"तिजोरीत ठेवायला," मी म्हणालो. "एवढी नाजूक वस्तू वर्कशॉपच्या कपाटात टाकून येऊ? चार माणसांचा तिथे वावर."

"कशाने काढायचात?"

जुन्या रुपयाने काढायचो, पुना. खिशातला तो जाड रुपया खाचेत घालून चारही स्क्रू फिरवायचो, दुर्बीण रुमालात गुंडाळून घरी न्यायचो, आणि सकाळी तू यायच्या आत येऊन पुन्हा बसवायचो. तुला कळू दिलं नाही, कारण तिजोरीचा पत्ता तुला कशाला लागायला हवा. तू हात लावायचा नाही म्हणालास ना, तेव्हा माझ्या मनात आलं होतं की हा असं का सांगतोय? दुर्बीण इथेच राहावी असं याला का वाटतंय?

२४ तारखेला पाऊस उघडला. मी एकटाच टेकडीजवळ गेलो, तीन कागद लावले, टेबल मांडलं, पिशव्या ठेवल्या. नेम जुळवून पाच गोळ्या मारल्या. पाचही वाटीच्या तोंडात मावतील अशा बसल्या. मग टेबलावरून न उठता रुपयाने दुर्बीण काढली, तशीच पुन्हा बसवली आणि पाच मारल्या. पाचही एकत्रच, पण वीतभर डावीकडे. पुन्हा काढली, पुन्हा बसवली. या वेळी खाली. तुझ्या पट्टीत दोष नव्हता, कड्यांत नव्हता. पाऊस पुन्हा आला तेव्हा आधी पिस्तूल झाकलं की कागद उचलले, आठवत नाही.

आता जे लिहायचं नव्हतं ते लिहितो. त्या दिवसानंतर सात दिवस तुझा दाखला मी तसाच ठेवला. वाटलं, हे कोणाला कळलं आहे? मला आणि सज्जनबाईला. मुदत जाऊ द्यावी, पोरगा हुशार आहे, त्याला दुसरीकडे काम मिळेल. खरं लिहायचं तर क्लबातल्या लोकांसमोर जाऊन सांगावं लागेल, भिकमचंद ऐकेल. ३१ तारीख मी मुद्दाम जाऊ दिली.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, तानुबाई आमच्या दारात आली. आत ये म्हटलं तरी आली नाही. उंबऱ्याबाहेर उभी राहून एवढंच म्हणाली, "शेठ, मना पोऱ्या चोर नई शे." मी म्हणालो, "मला माहीत आहे." मग तिने विचारलं, "कधीपासून?"

पुना, त्या म्हातारीला मी सात दिवस म्हणू शकलो नाही.

सोमवारी सकाळच्या गाडीने भुसावळला आलो, तिथून दीपनगर. दाखल्यावर काय लिहिलं ते तुला कचेरीत पाहायला मिळेल. आळ खोटा होता, चूक माझ्या हातची होती, असं सरळ लिहून सही केली आहे. कारकून म्हणाला, मुदत शनिवारी संपली. मी त्याच्यापुढे हात जोडले. तो आत जाऊन आला आणि म्हणाला, यादी अजून वर गेलेली नाही, घेतो. काल तुझं नाव यादीत लागल्याचं त्याच्याकडूनच ट्रंककॉलवर कळलं. चौकीतही काल लेखी देऊन आलो. कालच संध्याकाळी क्लबात सगळ्यांसमोर तीनही कागद टेबलावर ठेवले आणि काय केलं ते सांगितलं. भिकमचंद हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. तोतारामलाही गाठलं. तो म्हणाला, शेठ, माझं लग्न मे महिन्यात झालं.

मी जर माझ्या मेहुण्याला तोतारामबरोबर चहा पिताना पाहिलं असतं, तर माझ्या मनात काही आलं नसतं. तुला पाहिलं आणि आलं. का आलं, ते तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. ते कुठल्या दाखल्यावर लिहिता येत नाही, म्हणून इथे लिहिलं.

पंधरा दिवसांनी आमची संवत्सरी आहे. त्या दिवशी आम्ही ओळखीच्या सगळ्यांना एकच मजकूर पाठवून क्षमा मागतो, कार्डं छापून आणलेली असतात. तुला छापील कार्ड पाठवायचं नव्हतं.

एक राहिलं. सोमवारी पाळी सुटली तेव्हा मी फाटकासमोर रस्त्यापलीकडे कडुलिंबाखाली उभा होतो. तुला हाक मारायला आलो होतो. माणसं घोळक्याने बाहेर पडत होती, डबे हलवत, बोलत, हसत. तू एकटा बाजूला थांबलास. पहारेकरी विडी पेटवत होता, त्याचं तुझ्याकडे लक्षही नव्हतं. कोणी झडती मागितली नसताना तू पिशवी उघडलीस, आतला डबा काढलास, झाकण उघडून त्याच्यापुढे धरलंस, आणि तो जा म्हणेपर्यंत तसाच उभा राहिलास.

मी हाक मारली नाही.

ज्याने तुला ही सवय लावली तो,
घेवरचंद